डस्टर एडब्ल्यूडी: उंच स्प्रिंगा, मोठे टायर आणि स्टेपनीचा ताप

२०१४ साली आलेली रेनॉ डस्टरची ही एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह, चारही चाकांना ताकद देणारी), ११० पीएसची गाडी ज्यांच्याकडे आहे ते ती सहजी विकत नाहीत, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या एका दुकानात स्प्रिंगा बदलून गाडी साधारण ३० मिमी उचलून घेतली. २१५/६५ आर १६ च्या जागी २१५/७० चे, म्हणजे थोडे उंच, ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टायर घातले, अलॉयही नवे. वेल्ह्याच्या पुढे केळदपर्यंत भर पावसात पोट न घासता जाता यावं, बाकी हौस काही नव्हती.

पोट घासत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुरकुरच जास्त आहे.

दुकानदाराने कोटेशन चार टायरचं दिलं. स्टेपनीचं विचारलं तर म्हणाला, "काका, जुनीच राहू द्या. नवीकोरी पडून आहे, लागते कधी?" आठ हजार वाचत होते, म्हणून मी पुढे बोललो नाही. पण ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी समोर उभी असताना पुढचं बोलणं त्याचं काम होतं.

पाबे घाटात एका दगडाने टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाडली. तिथे पंक्चरची पट्टी चालत नाही. स्टेपनी मागे चढवली, दोन चाकं की चार हे निवडायचा नॉब ऑटोवरच होता. थोडं अंतर गेलो आणि डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडी आपणहून पुढच्या दोन चाकांवर आली. घरी येऊन शिवणकामाची टेप काढली आणि कागदावर हिशेब मांडला. जुन्या टायरचा घेर सुमारे २१५५ मिमी, नव्याचा २२२२. फरक ६७ मिमी, म्हणजे तीन टक्के. छोटं चाक तेवढं जास्त फिरतं. कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय, तो पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या क्लचला मागे ताकद पाठवायला सांगतो, कोरड्या डांबरावर ती जिरायला जागा नसते आणि क्लच तापतो. सुबारूवाले आपल्या गाड्यांच्या चार टायरांच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको म्हणतात. पाव इंच म्हणजे सहा मिमी. इथे सदुसष्ट!

वेगळ्या मापाची स्टेपनी लावायची वेळ आलीच तर ती मागच्या चाकाला लावा आणि नॉब टू-व्हीलवर ठेवून सावकाश घरी या. हे वाक्य मला दुकानात ऐकायचं होतं.

स्प्रिंगांबद्दलचं माझं मत मात्र पालटलं. पहिले दोन-तीन महिने मी भेटेल त्याला 'पैसे पाण्यात' असंच सांगत होतो. सिंहगड रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून खट्ट आवाज. कारण सरळ आहे: स्प्रिंग उंच, शॉकॲब्सॉर्बर जुनेच, त्यामुळे चाक खाली जायला जागा उरत नाही आणि शॉक टोकाला आपटतो. शॉक बदलले, आवाज गेला, आणि आता खड्ड्यांवरून गाडी अशी जाते की मागे बसलेली आईसुद्धा काही बोलत नाही. आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

बाकी थोडक्यात. अलाइनमेंटवाला म्हणाला, मागे करायला काही नसतं. ते टू-व्हील-ड्राइव्ह डस्टरचं. एडब्ल्यूडीचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, उंची बदलली की मागचेही कोन बदलतात. ते लक्षात येईपर्यंत मागच्या टायरांच्या आतल्या कडा झिजल्या होत्या. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागापेक्षा) मोठं असेल तर ६६.१ मिमीच्या रिंगा मागून घ्या, नाहीतर नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

एक गंमत. आधी काटा १०० दाखवायचा तेव्हा जीपीएस ९६ म्हणायचं, आता दोघांचं जवळपास एकमत आहे. मायलेज पंधरा दिसलं की मी कुरकुरायचो. पण किलोमीटरही तीन टक्के कमी मोजले जातात, म्हणजे खरं साडेपंधराच्या जवळ. इतका आनंद मला गाडी उंच झाल्याचाही झाला नाही.

तर पुन्हा स्टेपनी. २०२० मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. माझ्या गाडीत ती यंत्रणा नाही आणि फाटलेली साइडवॉल किटने सांधत नाही. मग नवा टायर घ्यावा? फाटलेल्याच्या जागी एक, स्टेपनीला एक. पण उरलेले तीन तोवर दीड मिमी झिजलेले, म्हणजे नव्या टायरचा घेर नऊ मिमी जास्त. पाव इंचाची मर्यादा पुन्हा ओलांडली! म्हणून पहिल्याच दिवशी पाच टायर घ्यायचे आणि पाचही आळीपाळीने फिरवायचे. दुकानदाराला हे सांगायला गेलो तर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

शेवटी टायरची झीज मोजायचं डेप्थ गेज खिशात घालून नाना पेठेत गेलो आणि त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे, तितकेच झिजलेले दोन टायर शोधून काढले. दोन्ही मिळून सहा हजार. विक्रेता सात सांगत होता. मोठी स्टेपनी डिकीच्या तळाशी बसते, पण वरची फळी अर्धा बोट उचललेली राहते आणि खड्ड्यात वाजते. तिच्याखाली फोमची पट्टी चिकटवायची आहे.