ताओसचा मार्तीनेझ वाडा की गोलोंद्रिनास? सांता फेहून एकच दिवस असेल तर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या जुन्या हिस्पानो (स्पॅनिश वंशाच्या) शेतकरी घराण्यांनी अमेरिकी राजवटीत कसा जम बसवला, हे बघायला दोन उत्तम जागा आहेत. राज्याची राजधानी सांता फेहून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर ताओसची हासिएंदा दे लोस मार्तीनेझ, म्हणजे मार्तीनेझ वाडा, आणि दक्षिणेला जेमतेम अर्ध्या तासावर ला सिएनेगा इथलं एल रांचो दे लास गोलोंद्रिनास.

लहान मुलं बरोबर असतील तर विचार न करता गोलोंद्रिनासला जा. दोनशे एकरांत पसरलेलं हे उघड्यावरचं संग्रहालय आहे. पाटाच्या पाण्यावर फिरणारी पिठाची गिरणी, मागावर बसलेले विणकर, चुर्रो जातीच्या मेंढ्या, सगळं हात लावण्याइतकं जवळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुगीच्या उत्सवात जनावर जुंपलेल्या चरकात सोर्गमची, म्हणजे गोड ज्वारीची, धाटं पिळून काकवी करतात; आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखाच घमघमाट. पण काही इमारती दुसऱ्या गावांतून आणून इथे उभारलेल्या आहेत, त्यामुळे एका घराण्याची सलग गोष्ट इथे मिळत नाही.

ती मिळते ताओसला. सेव्हेरिनो मार्तीनेझ यांनी 1804 पासून वाढवत नेलेला हा एकवीस खोल्यांचा वाडा कच्च्या विटांचा आहे. दोन चौक आणि बाहेरच्या बाजूला गढीसारख्या आंधळ्या भिंती. इथून लोकर आणि घोंगड्या दक्षिणेला मेक्सिकोतल्या चिवावापर्यंत जात. 1821 मध्ये सांता फे ट्रेल ही अमेरिकेतल्या मिझुरीहून येणारी व्यापारी वाट सुरू झाली आणि व्यापाराचं तोंड पूर्वेकडे वळलं. सेव्हेरिनोंचे थोरले चिरंजीव आंतोनियो होसे हे पाद्रे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होते; त्यांनी ताओसला शाळा काढली, 1835 च्या सुमारास छापखाना चालवला आणि 1846 मध्ये तोवर मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या या मुलुखात अमेरिकी फौज आल्यावर नव्या प्रांताच्या विधिमंडळातही काम केलं. राज्य बदललं तरी कायदा आपल्या लोकांना कळलाच पाहिजे, ही त्यांची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

अर्थात सगळ्यांचं भलं झालं नाही. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर मोठ्या मेंढीवाल्यांनी तिकडे कळप हाकत नेऊन बक्कळ पैसा केला. छोट्यांची मदार मात्र गावाच्या सामाईक कुरणांवर होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 1897 च्या सांदोवाल खटल्यात ती कुरणं गावांची नसून सरकारची ठरली. मग पुरुष रेल्वेवर, खाणींत हंगामी मजुरीला जाऊ लागले आणि मागे राहिलेल्या बायकांनी शेत, पाट, घराचं लिंपण सगळं पेललं. हा भाग दोन्हीकडे हवा तितका ठळक नाही. जाण्याआधी थोडं वाचून गेलात तर फार फरक पडेल.

मोठी माणसंच असाल तर माझं मत ताओसला. हिवाळ्यात जाणार असाल तर निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या वेळा नक्की तपासा, कारण गोलोंद्रिनासचा नेहमीचा हंगाम उन्हाळा ते ऑक्टोबर एवढाच असतो.