व्हेक्टरचे पैसे घेतले, पीडीएफमध्ये फोटो घालून दिला

टी-शर्टवर छापायचं डिझाइन कोणाकडून बनवून घेत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझ्यासारखं घरून काम करणाऱ्यांसाठी तर मुद्दाम लिहिते आहे, कारण एका फाइलपायी सगळी ऑर्डर हातची जाऊ शकते.

मी इंदूरला रामबागेत राहते. हीट प्रेस घरचं आहे, डीटीएफची फिल्म (डिझाइन आधी फिल्मवर छापायचं आणि मग प्रेसच्या उष्णतेने कापडावर उतरवायचं) बाहेरून छापून आणते. गणपतीच्या तोंडावर एका मंडळाच्या ढोल पथकाची ऑर्डर आली: ६० काळे टी-शर्ट, छातीवर १० इंच रुंद बोधचिन्ह. मंडळाकडे मूळ फाइल नव्हती, जुन्या बॅनरचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा होता. असा फोटो छापायला चालत नाही. तो समोर ठेवून अक्षरं, ढोल, नक्षी सगळं नव्याने रेखाटावं लागतं. त्याचे एका डिझायनरशी ३,५०० रुपये ठरले, सगळे आगाऊ. व्हेक्टर (म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) हवं, मागचा भाग पारदर्शक हवा, खऱ्या मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं, हे त्याला मी लिहून कळवलं होतं.

पीडीएफ फाइल आली. सोबत निरोप, "वहिनी, एकदम प्रिंट-रेडी आहे, बिनधास्त छापायला द्या." माहितीत ३०० डीपीआय दिसत होतं, मागचा पांढरा भागही काढलेला होता. फिल्म छापून आणली आणि पहिला टी-शर्ट प्रेसखालून काढला. अक्षरांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या, त्याभोवती पांढुरकी किनार, आणि ढोलामागे जी मंद सावली होती तिथे खडू फासल्यासारखा डाग.

डीटीएफमध्ये रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर येतो, नाहीतर काळ्या कापडावर रंग उठणारच नाहीत. अर्धपारदर्शक सावली किंवा कडेला राहिलेले फिकट पिक्सेल मशीनला रंगच वाटतात, त्यांच्याखालीही पांढरं पडतं. शिवाय अशा विरळ ठिपक्यांवर गोंदाची पावडर नीट धरत नाही, धुण्यात तो भाग आधी सुटतो.

डिझायनरला फोटो पाठवले, तर म्हणाला, "तुमच्या प्रेसचं तापमान चुकतंय." हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून नीट सांगते. तापमान किंवा दाब कमी पडला तर डिझाइन कापडाला धरत नाही, सोलताना फिल्मबरोबर उचललं जातं. कडांना दाते त्याने पडत नाहीत. ते फिल्मवरच दिसत होते, कापडाला लावायच्या आधी.

फिल्म छापणाऱ्या काकांनी माझ्यासमोर ती फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि वायरफ्रेम, म्हणजे रंग काढून नुसत्या रेघा दाखवणारं दृश्य, चालू केली. खरं व्हेक्टर असेल तर प्रत्येक अक्षराची, प्रत्येक पाकळीची रेघ दिसते. इथे पडद्यावर तशी एकही रेघ नव्हती. सगळं बोधचिन्ह म्हणजे एक चित्र होतं, मागचा भाग खोडलेलं आणि ताणून मोठं केलेलं. सॉफ्टवेअरने जादा पिक्सेल भरून असं मोठं केलं की डीपीआयचा आकडा वाढतो, तपशील वाढत नाही. मग काकांनी ‘श्री’ मोठा करून दाखवला. बॅनरला मधोमध घडी होती, त्या घडीमुळे वेलांटी जरा वाकलेली दिसायची. फाइलमध्ये तो बाक जसाच्या तसा होता! म्हणजे माणसाने एक रेघही काढलेली नव्हती.

हे पुढे केल्यावर त्याने दुसरी फाइल पाठवली. यात रेघा होत्या, म्हणजे वरवर पाहता व्हेक्टरच. पण फोटो ऑटो-ट्रेसमधून काढलेला, म्हणजे रेघा सॉफ्टवेअरने आपोआप ओढलेल्या. एकेका मात्रेवर नोडची (रेघ जिथे वळते त्या बिंदूंची) नुसती गर्दी, ‘ळ’च्या दोन्ही गाठी बुजलेल्या आणि घडीचा बाक तिथेच. पैसे परत मागितले तेव्हा नंबर ब्लॉक केला. यूपीआयने दिलेले असल्यामुळे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत, ६० जणांची फिल्मही वाया गेली. चिन्ह शेवटी दुसऱ्या एका मुलीने हाताने नव्याने काढून दिलं आणि मंडळाचे टी-शर्ट वेळेत गेले, एवढंच समाधान.

आता मी आगाऊ रक्कम अर्धीच देते. उरलेली देण्याआधी वायरफ्रेमचा स्क्रीनशॉट मागवते आणि फाइल हातात आल्यावर तिच्याखाली गडद रंगाचा चौकोन ठेवून पाहते. पांढऱ्या पडद्यावर लपलेली किनार काळ्यावर लगेच उघडी पडते. काम देताना जो मजकूर पाठवते तो खाली देते, हवा तर तसाच वापरा:

“चिन्ह हाताने रेखाटलेलं हवं, ऑटो-ट्रेस चालणार नाही. सगळे फॉन्ट कर्व्हमध्ये (म्हणजे रेघांच्या आकारात) बदलून द्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ नको. सावली किंवा ग्लो नको, लागलीच तर हाफटोनमध्ये (बारीक भरीव ठिपक्यांत). मूळ सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर) फाइल आणि १० इंचांसाठी ३००० पिक्सेल रुंद पारदर्शक पीएनजी, दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. फाइल तपासल्यावर उरलेली रक्कम मिळेल. मान्य असेल तर ‘मान्य’ लिहून कळवा.”