कॉपी मागायला गेले, कागद घेऊन या म्हणाले

कुलाब्यातल्या या दुकानात, जिथे सैन्याची मेडल रिबन लावून बारवर बसवून देतात, मी आत्तापर्यंत तीनदा जाऊन आलेय आणि पहिल्यांदा अक्षरशः चिडून बाहेर पडले होते, तरी पाचपैकी पाच देतेय. का ते लिहिते, जरा लांबेल.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याकडचे, १९६९ ला भरती, १९८६ ला घरी, मग मुंबईत एका बँकेत सिक्युरिटीला होते आणि आता आमच्याकडे विक्रोळीला, कन्नमवार नगरात. १९७१ च्या लढाईत पूर्व पाकिस्तानात होते एवढंच आम्हाला माहिती. ते स्वतःहून काही सांगत नाहीत, विचारलं तर म्हणतात पाऊस नव्हता, थंडी होती, चिखल होता, झालं.

मागच्या वर्षी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. सेंटरवर फॉर्म भरताना मुलीने विचारलं, बाबा अंगात कुठे धातू आहे का, रॉड, स्क्रू वगैरे. आप्पा शांतपणे म्हणाले, आहे, मोर्टारचा तुकडा आहे, एकाहत्तरचा. ती मुलगी पेन थांबवून माझ्याकडे बघायला लागली आणि मी आप्पांकडे. आई जाऊन सहा वर्षं झाली, तिला माहिती असणार, मला नव्हतं, पन्नास वर्षांची झाले मी. एमआरआय झालाच नाही, एक्स-रे काढला, त्यात उजव्या मांडीत हाडाच्या बाजूला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा पांढरा ठिपका. अगदी स्पष्ट.

त्यानंतर मी शोधाशोध केली तर कळलं की शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांना वेगळं मेडल असतं. १९७३ साली ते सुरू झालं तेव्हा वुंड मेडल नाव होतं, आता पराक्रम पदक म्हणतात. पांढऱ्या रिबनवर मध्ये तांबडी पट्टी. आप्पांच्या डब्यात चार मेडल आहेत, पूर्वी स्टार (एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचं), संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं आणि ९ वर्षं सर्व्हिसचं, पण हे नाही. मी विचारलं का नाही मिळालं, तर म्हणाले, मागितलं नाही. माझ्यापेक्षा वाईट लागलेले तिथेच राहिले, मी चालत परत आलो, मी काय मागू.

तर १६ डिसेंबरला विजय दिवसाचा कार्यक्रम होता आणि मी ठरवलं की जुन्या रिबन बदलून चारही मेडल नीट बारवर, म्हणजे छातीवर लावायच्या पट्टीवर, लावून घ्यायची आणि पाचवं, म्हणजे पराक्रम पदक, विकत घेऊन शेजारी लावायचं. सरप्राईज. जखम तर खरी आहे ना, मग मेडल लावलं तर काय बिघडलं, असा माझा हिशोब. कोणीतरी या दुकानाचं नाव सांगितलं.

दुकान लहान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. काचेखाली रिबनचे रोल रांगेने, आत एक काका चष्मा कपाळावर सरकवून सुई-दोरा घेऊन बसलेले. मी डबा उघडून दिला. ते आधी काही बोललेच नाहीत, पूर्वी स्टार हातात घेतला, मऊ फडक्याने पुसला, मग गोल मेडल उभं धरून कडेवरचा नंबर आणि नाव भिंगातून वाचलं, मोठ्याने, जसं हजेरीला वाचतात तसं. एवढ्या वर्षांत त्या कडेवर आप्पांचं नाव कोरलंय हे मी बघितलंच नव्हतं. म्हणाले, ताई, याला ब्रासो, पितळेचं पॉलिश, लावता का घरी? मी हो म्हटलं. म्हणाले, नका लावू, अक्षरं झिजतात, ही ओरिजिनल आहेत, परत मिळणार नाहीत.

मग मी पराक्रम पदकाची कॉपी मागितली. त्यांनी विचारलं, कागद आहे का? मी म्हटलं कागद नाही, एक्स-रे आहे. काका म्हणाले, मग मी देणार नाही. मी पुष्कळ वाद घातला. दुप्पट पैसे देते म्हटलं (याची आता खूप लाज वाटते). ते आवाज न चढवता म्हणाले, ताई, कार्यक्रमात तुमच्या वडिलांच्या शेजारी बसलेला माणूस विचारेल कुठे लागलं, कधी मिळालं, आणि तेव्हा त्यांना खोटं बोलायला लागेल. खरं लागलेल्या माणसाला खोटं बोलायला लावू नका.

मी डबा उचलून बाहेर आले. रिगलच्या स्टॉपवर उभी राहून रडले, राग होता म्हणून. दोन दिवसांनी घरी आप्पांना सगळं सांगितलं, मला वाटलं चिडतील, ते म्हणाले, माणूस बरोबर आहे, चल मला घेऊन.

दुसऱ्या फेरीत आप्पा सोबत होते आणि इथून दुकानाची खरी किंमत कळते. काकांनी उठून स्वतःचं स्टूल दिलं, हवालदार साहेब बसा म्हणाले, आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळतं ते, मागितलं. ओळखीच्या खुणा लिहितात ना, तिथे बोट ठेवलं. उजव्या मांडीवर जखमेचा व्रण, एवढंच लिहिलंय, कशाने झाला ते नाही. काका म्हणाले हेच होतं. माणूस जखमी होऊन मागे जातो, हॉस्पिटलातून हॉस्पिटलात जातो, तिथून पलटणीत न जाता दुसरीकडे जातो, मेडल सुरू होतं दोन वर्षांनी, आणि नावं पाठवायच्या वेळी हा माणूस तिथे नसतोच. आप्पा मान हलवत होते. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली तेव्हा ते कलकत्त्याला कमांड हॉस्पिटलात खाटेवर होते, रेडिओवर ऐकलं, शेजारच्या खाटेवरचा पोरगा झोपेत होता म्हणून कोणी ओरडलं नाही. हे मी पहिल्यांदा त्या दुकानात ऐकलं, घरात नाही.

काकांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं काय काय शोधायचं. जखमी झाल्याची नोंद ज्यात छापतात तो पार्ट टू ऑर्डर, हॉस्पिटलचे कागद, मेडिकल बोर्ड झाला असेल तर तो. घरात नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. मेडलचा अर्ज मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दाखवून मगच पाठवा. आणि म्हणाले, त्या काळातलं घरचं पत्र असेल तर शोधा. पत्र होतं! गावी आजीच्या ट्रंकेत, अंतर्देशीय, १९ डिसेंबर १९७१ तारीख, वर हॉस्पिटलचा पत्ता, आणि आत, पायाला थोडं लागलंय, काळजी करू नये, बैल विकू नये.

मध्ये एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) टेबलवरच्या माणसाने विचारलं, आता पन्नास वर्षांनी कशाला पाहिजे? आप्पा काही बोलले नाहीत. मी बोलले, पण ते असू दे.

आता दुकानाच्या कामाबद्दल. चार मेडलच्या रिबन नव्या, बारवर बसवून, मागे अस्तर आणि दोन पिना, ८५० रुपये, पाच दिवसांत दिलं. शिवण इतकी सरळ की मागून बघितलं तरी छान दिसतं. मी म्हटलं होतं बार पाचचा करा, एक जागा मोकळी ठेवा. काका म्हणाले तसं चालत नाही, पराक्रम पदक पूर्वी स्टारच्याही आधी येतं, ते मिळालं की सगळं उसवून पुन्हा लावायचं, तेव्हा शिलाईचे पैसे घेणार नाही. आप्पांनाही मोकळी जागा नकोच होती.

उणं काढायचं तर यूपीआय चालत नाही, रोख न्या. फोन उचलत नाहीत. रविवारी बंद. वयस्कर माणसाला नेणार असाल तर दाराशी एक उंच पायरी आहे, हात धरा. आणि ओरिजिनल मेडल घेऊन जात असाल तर आधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवा, पावती हाताने लिहितात.

तिसरी फेरी बार आणायला. १६ डिसेंबरला आप्पा चारच मेडल लावून गेले, ताठ बसले होते दोन तास. मेडलचा अर्ज गेलाय, पत्राची झेरॉक्स आणि एक्स-रेची प्रत सोबत, पार्ट टू ऑर्डरसाठी माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा टाकलाय, पंचवीस दिवस झाले. पोस्टमन साधारण साडेबाराला येतो, आप्पा बाराला चष्मा लावून बसतात.