छोट्या गाडीचा क्लच बदलला: बिलात मजुरी एवढी का?

चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएमचा काटा वर जायचा आणि गाडी जागची हलेना. क्लच स्लिप होतोय, म्हणजे घसरल्यामुळे इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचत नाहीये, हे उघडच होतं. प्रश्न होता खर्चाचा.

गॅरेजवाल्याने बिल फोडून दाखवलं, हे आवडलं. मजुरीचा आकडा बघून आधी कपाळाला आठ्या पडल्या. पण क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. तिथे पोचायचं तर ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) काढून गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. पैसे जातात ते त्यातच. म्हणून ‘नुसती प्लेट बदला, स्वस्तात होईल’ हा सल्ला मला पटत नाही. क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट टाकून घेतला. नाहीतर उद्या जुनं बेअरिंग घरघरलं, की पुन्हा गिअरबॉक्स उतरवा आणि पुन्हा तीच मजुरी मोजा!

जुने भाग न मागता दाखवले. प्लेटचं अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजलेलं, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळसर डाग. फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनचं जड चाक, शाबूत निघालं, तेवढा खर्च टळला.

वेळ मात्र पाळली नाही, आणि फोनही आपणच करायचा. काम चोख आहे. पेडल हलकं झालंय, पहिला गिअर न अडखळता पडतो.