व्हायटल, सर्ज, सिरम की डीवा? महिनोन्‌महिने रोजच्या कामात वापरल्यावर

आधी निकाल, कारणं नंतर. आराधी गाणी, भीमगीतं, गोंधळ आणि लग्नसराईतली डीजेवर वाजणारी गाणी एवढंच काम असेल, तर सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन फुकटातले सिंथ (संगणकावर आवाज तयार करणारी वाद्यं) पुरेसे आहेत. सिरम दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवर काम करायचं असेल तरच घ्यावा. डीवाचा आवाज चौघांत सगळ्यात सुंदर, पण तो लॅपटॉप बघून घ्यायचा, कान बघून नाही.

मशिन कुठलं ते सांगायलाच हवं, नाहीतर असा अनुभव वाचून उपयोग नाही. आय-५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, एफएल स्टुडिओ (गाणं रचायचं सॉफ्टवेअर), दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी). घरातलीच खोली. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना खोलीतही फार फरक नसतो. मराठवाड्यातले निम्मे घरगुती स्टुडिओ असेच चालतात.

यूट्यूबवरच्या तुलना पाहून सिंथ निवडू नका. तिथे प्रत्येक प्रीसेटवर (तयार करून ठेवलेल्या आवाजावर) रिव्हर्ब, डिले आणि कोरस हे इफेक्ट चढवलेले असतात. ते सगळं काढून नुसती सॉ वेव्ह (सिंथची साधी मूळ लाट) लावली तर या चारांतला फरक ओळखणं चांगल्या कानालाही जड जातं. खरा फरक पडतो तो सूर लावण्यात, मींड घेण्यात (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात), बेस बिनवर (खर्जाच्या मोठ्या स्पीकरवर) आणि तापलेल्या लॅपटॉपवर.

सर्ज एक्सटी

मूळ सर्ज २०१८ मध्ये मुक्त स्रोत झाला आणि एक्सटी ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. पैसे नाहीत, लॉगिन नाही, नेट लागत नाही. दिसायला जुनाट आहे, म्हणून बरेच जण उघडून लगेच बंद करतात. आपल्या कामासाठी मात्र याच्यात एक गोष्ट सोन्यासारखी आहे: यात स्वरपट्टी आपल्याला हवी तशी लावता येते.

कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्‌जापासून ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार, म्हणजे षड्‌जाच्या ५/४ पट, साधारण ३८६ सेंटवर. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर षड्‌ज २७७.१८ हर्ट्झ, तानपुऱ्याचा गंधार ३४६.४८ आणि कीबोर्डचा ३४९.२३. पावणेतीन हर्ट्झचा फरक. दोन्ही एकत्र लांबवले की सेकंदाला दोन-तीन हेलकावे ऐकू येतात आणि गायक म्हणतो, "तुमचा ट्रॅक बेसूर आहे." त्याचं चुकत नाही.

यावर उपाय नोटपॅडमध्येच आहे. पहिल्या ओळीत पट्टीचं काहीही नाव. दुसऱ्या ओळीत १२. मग एकाखाली एक बारा ओळी: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. षड्‌ज लिहायचा नाही, तो गृहीत असतो. शेवटची ओळ तार षड्‌जाची. आकडे इंग्रजीतच टाइप करायचे आणि फाईल 'एससीएल' एक्सटेन्शननं सेव्ह करायची. नोटपॅड मागून गुपचूप 'टीएक्सटी' जोडतं, तेव्हा सेव्ह करताना फाईलचा प्रकार 'ऑल फाइल्स' करा. मग ही फाईल सर्जच्या ट्यूनिंग मेनूतून उघडायची.

एवढं केल्यावर षड्‌ज पांढरी एकवर बसतो. काळी एक हवी असेल तर दुसरी फाईल लागते, 'केबीएम' एक्सटेन्शनची. तिच्यात क्रमानं १२, ०, १२७, ६१, ६१, २७७.१८३, १२ आणि त्यापुढे ० ते ११, प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर. ६१ हा काळी एकचा मिडी क्रमांक, म्हणजे संगणकातला त्या पट्टीचा नंबर. जुनी पेटी किंचित चढलेली असते, तेव्हा तिचा षड्‌ज मोबाइलच्या ट्यूनरवर मोजून २७७.१८३ च्या जागी तोच आकडा घाला. पूर्ण सर्ज त्या पेटीला लागतो.

ही पट्टी फक्त स्वराला आणि लीडला लावायची. कॉर्डला लावली तर रिषभ-धैवताची जोडी घाण वाजते, कारण त्या दोघांतलं अंतर ७०२ च्या जागी ६८० सेंट होतं. कॉर्डचे पॅड (मागे लांब वाजणारे स्वर) साध्या ट्यूनिंगमध्येच ठेवा, आणि त्यांतून गंधार काढून नुसते षड्‌ज-पंचम ठेवता आले तर उत्तम. सर्जच्या ट्यूनिंग मेनूत 'मिडी इनपुटवर लावा' आणि 'मॉड्युलेशननंतर लावा' असे दोन पर्याय आहेत. पहिलाच ठेवा. दुसऱ्यावर पिचबेंड (वाजता स्वर खालीवर ओढणं) तुमच्या पट्टीच्या कमी-जास्त अंतरांवरून चालतो आणि मींड मध्येच वेग बदलते.

मींडेसाठी सर्जचा प्ले मोड 'मोनो एसटी+एफपी' करा. एफपी म्हणजे स्वर एकमेकांवर चढले तरच घसरत जातील, सुटे वाजवले तर सुटेच राहतील. एसटी म्हणजे घसरताना एन्व्हेलप (आवाजाचा चढ-उतार) पुन्हा सुरू होत नाही, नवा ठोका ऐकू येत नाही. पोर्टामेंटो (घसरायला लागणारा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंद. याच्यापुढे गेलं की सायरन.

आता तुणतुणं. सर्जमध्ये स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग) आहे, तो तारेचं गणित करून आवाज काढतो. एक्सायटर (तार छेडणारा भाग) बर्स्ट प्रकारचा निवडा. कॉन्स्टंट घेतला तर गज फिरवल्यासारखं वाजतं. यात आत दोन तारा असतात, तुणतुण्याला एकच, म्हणून बॅलन्स एका टोकाला न्या. डिके निम्म्याच्या खाली, स्टिफनेस थोडा वर. पुढे १ किलोहर्ट्झच्या आसपास बँडपास फिल्टर (फक्त मधला पट्टा जाऊ देणारा) लावला की भोपळ्यातून आल्यासारखा पोकळ आवाज मिळतो. शेवटी व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर): सगळे ठोके १०० वर ठेवले तर शिवणयंत्र वाटतं. एक आड एक ९५ आणि ७० च्या आसपास ठेवा, थोडे पुढेमागे सरकवा. खरं तुणतुणं आणि वाजवणारा मिळत असेल तर अर्थात माइकच लावा. संबळ आणि हलगीच्या बाबतीत तर सिंथचा नादच सोडा, रेकॉर्डिंगला पर्याय नाही.

सर्जची तक्रार एकच: प्रीसेट दोन हजारांहून जास्त आणि त्यांतले बरेच आपल्या कामाचे नाहीत. चांगले सापडतील तसे फेव्हरिटमध्ये टाका.

व्हायटल

२०२० चा, मॅट टायटेल यांनी बनवलेला. फुकट आवृत्तीतलं इंजिन पूर्ण आहे, कमी असतात ते प्रीसेट आणि वेव्हटेबल (लाटांचे तयार संच). डाउनलोडला खातं उघडावं लागतं, पण नंतर ऑफलाइन चालतो. कुठला एलएफओ (आवाज आपोआप हलवणारी संथ लाट) कुठे काय करतोय हे पडद्यावर हलताना दिसतं, त्यामुळे शिकायला याच्यासारखा सिंथ नाही.

आमच्याकडे तो मुख्यतः बेससाठी. बेसचा पॅच करताना पहिल्यांदा फेज रँडमचा नॉब शून्यावर आणायचा. तो सुरुवातीला पूर्ण उघडा असतो, म्हणजे प्रत्येक स्वर लाटेच्या वेगळ्या जागेवरून सुरू होतो. हेडफोनवर कळत नाही. किक किंवा हलगीबरोबर वाजला की मात्र एक ठोका भरीव आणि दुसरा पोकळ येतो, मग माणूस तासभर कॉम्प्रेसर फिरवत बसतो. बेसला युनिसन (एकाच स्वरावर चढवलेल्या आवाजांची संख्या) एकच. रुंद, स्टिरिओ युनिसनचा बेस घरच्या स्पीकरवर भारी वाटतो, पण वरातीच्या सिस्टीमवर बेस बिनला बहुतेक मोनोच जातो. डावं-उजवं एकत्र झालं की तो बेस अर्धा कापला जातो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा.

स्वरही बघून निवडा. काळी एकचा सगळ्यात खालचा षड्‌ज ३४.६५ हर्ट्झवर पडतो. बहुतेक बेस बिन तिथे दम तोडतात. ॲम्पची ताकद जाते आणि ऐकू काहीच येत नाही. एक सप्तक वर ६९.३ हर्ट्झवर तोच षड्‌ज छातीत बसतो. मोबाइलवर तोही ऐकू येत नाही, म्हणून त्यावर थोडं डिस्टॉर्शन लावून वरचे हार्मोनिक (उपस्वर) आणा. गाणं शेवटी मोबाइलवरच पसरतं.

व्हायटल जड आहे, आणि तो जड आपण करतो. तीन ऑसिलेटर, प्रत्येकी १६ युनिसन, चार स्वरांची कॉर्ड: १९२ आवाज एकाच वेळी. रिलीज लांब असेल तर जुनी कॉर्ड विरायच्या आत नवी येते आणि आकडा दुप्पट. युनिसन ५ वर आणा, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाचं गणित किती बारीक करायचं ते) काम करताना १एक्स ठेवा, रेंडरच्या (अंतिम ऑडिओ काढायच्या) वेळी ४एक्स. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर व्हायटलची खिडकीही बंद ठेवा, त्या हलत्या चित्रांचाही भार पडतो.

एफएल स्टुडिओवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: पियानो रोलमधली स्लाइड नोट (घसरणारा स्वर) फक्त एफएलच्या स्वतःच्या वाद्यांवर चालते, व्हायटल किंवा सर्जवर नाही. प्लगिनमध्ये (एफएलला जोडलेल्या सिंथमध्ये) बिघाड नाही, ते असंच आहे. त्याऐवजी व्हायटलमध्ये व्हॉइस १, लेगॅटो चालू, ग्लाइड (घसरण) लावून स्वर एकमेकांवर चढवा. पिचबेंडनं करायचं तर प्लगिनची आणि एफएलची बेंड रेंज सारखी ठेवा. व्हायटलची सुरुवातीची रेंज २ सेमीटोन असते. गंधारावरून षड्‌जावर उतरायला ४ लागतात.

सिरम आणि डीवा

सिरम २०१४ पासून आहे, सिरम २ मार्च २०२५ मध्ये आला आणि जुन्या ग्राहकांना फुकट मिळाला. दुसऱ्या आवृत्तीत तिसरा ऑसिलेटर, ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक तुकडे करून वाजवणं) आणि सॅम्पल वाजवायची सोय आहे. उत्तम सिंथ. पण त्याचे पैसे खरं तर बाजारातल्या प्रीसेटसाठी मोजायचे असतात. पुण्या-मुंबईचा अरेंजर सिरमचा प्रोजेक्ट पाठवतो आणि त्यातच बदल मागतो, असं काम येत असेल तर घ्या. पेनड्राइव्हवर फिरणारा क्रॅक (चोरीची प्रत) नको: त्यातून केलेलं गाणं वर्षभरानं, विंडोज बदलल्यावर उघडेलच याचा भरवसा नाही, आणि गिऱ्हाईक "फक्त नाव बदलून द्या" म्हणून नेमकं तेव्हाच येतं.

डीवा हा यू-ही कंपनीचा २०११ चा सिंथ. जुन्या ॲनालॉग यंत्रांचे फिल्टर तो फार बारकाईनं उतरवतो. भक्तिगीतामागचा संथ पॅड त्याच्यावर जसा वाजतो तसा बाकी तिघांवर नाही. ॲक्युरसीच्या ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन अशा पायऱ्या आहेत. आमच्या मशिनवर काम फास्टवर, आणि रेंडरची ॲक्युरसी वेगळी लावता येते ती वरची. मल्टिकोर चालू करून पाहा. काही लॅपटॉपवर भार हलका होतो, काहींवर उलटा वाढतो. डेमोत मधूनमधून मुद्दाम टाकलेली चरचर येते, तिला बिघाड समजू नका.

आवाज फाटतो तेव्हा

सकाळी नीट चालणारा प्रोजेक्ट दुपारी फाटतो, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर नको, खाली स्टँड, मागे पंखा. लाईट गेली की विंडोज बॅटरीच्या सेटिंगवर जातं आणि तेव्हाही वेग पडतो. पॉवर ऑप्शनमध्ये दोन्ही स्थितींचं सेटिंग सारखं करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. इन्व्हर्टरवर असताना गायकाचा टेक घेऊ नये, पंख्यासकट घूं रेकॉर्ड होते.

बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सॅम्पलमध्ये) गाताना १२८, मिक्सिंगला ५१२. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ म्हणजे ११.६ मिलिसेकंद, माउसनं काम करणाऱ्याला ते जाणवत नाही. ९६ किलोहर्ट्झवर प्रोजेक्ट करू नका, सिंथचा भार जवळपास दुप्पट होतो आणि हाती काही लागत नाही. पॅड पक्का झाला की ट्रॅक कन्सॉलिडेट करून ऑडिओ करा आणि प्लगिन बंद करा, पण त्याचा प्रीसेट वेगळा सेव्ह करून. डॉक्युमेंट्समधली सर्ज आणि व्हायटलची फोल्डरं बॅकअपमध्ये घ्यायला विसरू नका. लॅपटॉप फॉरमॅटला देताना दुकानदार फोटो वाचवतो, ही फोल्डरं नाही.