ब्लेंडर: दहा महिने वापरून

सकाळी आठ ते तीन काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात, रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर. असे दहा महिने झाले. मला गेममधल्या वस्तू बनवायचं काम हवंय, तेव्हा हे परीक्षण त्याच नजरेनं वाचा. ॲनिमेशनमधलं मला ओ की ठो कळत नाही.

आधी पैशांचं. पुण्यातल्या एका क्लासनं पावणेदोन लाख फी सांगितली होती. नाव लिहीत नाही. डेमो लेक्चरला सर मेनूतली बटणं वाचून दाखवत होते. ब्लेंडर फुकट आहे, आणि तेही तीस दिवसांपुरतं नाही. मूळ कंपनी बुडाली तेव्हा, २००२ साली, ब्लेंडर बनवणाऱ्या टॉन रोझेंडालच्या हाकेला ओ देऊन लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला. त्यात बनवलेलं विकलंत तरी कुणी हिशोब मागत नाही.

पहिले दोन महिने मी सगळ्यांसारखा शिकाऊ व्हिडिओतला डोनट केला, मग तलवार, मग अर्धवट सोडलेला किल्ला. दुसऱ्याचा व्हिडिओ बघत हात चालायचा, व्हिडिओ बंद केला की कोरा. मग आजीच्या न्हाणीतला तांब्याचा बंब करायला घेतला. त्याचा व्हिडिओ कुठंच नव्हता, मोजपट्टी घेऊन न्हाणीत बसावं लागलं.

पहिला बंब ४८ हजार त्रिकोणांचा झाला (थ्रीडी वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांचा असतो, जितके जास्त तितका गेमवर भार). मागं पडून राहणाऱ्या वस्तूला एवढे कोण देणार? चोवीस बाजूंचा सिलिंडर घेऊन तो १,९०० वर आणला आणि पोचे, रिव्हेट जड मॉडेलवरून नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात उतरवले, याला बेक करणं म्हणतात. म्हणजे भूमिती साधी, खोली फक्त उजेडाला दिसणारी. बेक करताना मटेरियलमधला इमेज नोड (ज्या चित्रात बेक करायचं त्याचा डबा) निवडलेला नसेल तर नुसता एरर येतो. त्यात माझी एक अख्खी रात्र गेली. चूक माझीच.

कडीनं तर वेड लावलं. एका बाजूची बनवली, स्केल उणे एक करून दुसरीकडे फिरवली, ब्लेंडरमध्ये झकास. गोडो या गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेली तर बाहेरचा भाग गायब, आतलाच दिसतोय. पृष्ठभाग उलटे झाले होते. गेम इंजिन सहसा पाठमोरे त्रिकोण काढतच नाही, ब्लेंडर मात्र दोन्ही बाजू दाखवतं. उलटे पृष्ठभाग लाल दाखवणारं फेस ओरिएंटेशन चालू केलं तर कडी लालभडक. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं, पृष्ठभाग सुलटे झाले, मिटलं.

रंगवून झाल्यावर आजीला दाखवला. चष्मा पुसून तिनं बघितलं.

"अरं, कालच चिंच लावून घासल्यागत दिसतुया. बुडाला काजळी कुठाय? आन् तोटीखाली पांढरं साचतंय, त्ये?"

गेली ना मेहनत पाण्यात! पण म्हातारीचं बरोबर होतं. तांब्याला मेटॅलिक (धातूपणा) एक दिलं होतं, ते काजळीला शून्य पाहिजे आणि रफनेस (खरखरीतपणा) भरपूर. ते केलं आणि पहिल्यांदा तो बंब कुणाच्या तरी घरातला वाटला. त्या दिवसापासून 'आज मूड नाही' हे कारण कमी झालं, कारण ती रोज विचारते, काजळी लावलीस का?

आता उणं. टेक्स्चर (वस्तूवरचा रंगपोत) रंगवायला ब्लेंडर तोकडं आहे. थर सांभाळताना दमछाक होते, आणि नोकरीच्या जाहिरातींत सबस्टन्स पेंटर, झेडब्रश, माया या दुसऱ्या सॉफ्टवेअरचीच नावं जास्त दिसतात. ते पुढं शिकावंच लागेल. पण टोपॉलॉजी (जाळीची मांडणी), यूव्ही (पृष्ठभाग सपाट उलगडणं), बेकिंग एकदा डोक्यात बसलं की बटणं बदलतात, काम तेच राहतं.

माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हलक्या वस्तू निवांत होतात. स्कल्प्टिंगला (मातीसारखं घडवायला) पंखा गिरणीसारखा ओरडतो. ऑटोसेव्ह मुळात दर दोन मिनिटांनी होतो, तो बंद करू नका. लॅपटॉपला नमपॅड (उजवीकडचे आकडे) नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये एम्युलेट नमपॅड चालू करा, वरचे आकडे त्याच कामाला येतात. आणि चाकाचा साधा माऊस पहिल्या दिवशीच घ्या. टचपॅडवर मी तीन आठवडे काढले, मनगट अजून बोलतंय.