शेअरपॉइंट: दप्तर चांगले, पण कारभारी नेमावा लागतो

भोसरीतील यंत्रभाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी दस्तऐवज-नियंत्रणाचे काम पाहते. ड्रॉइंग, कार्यसूचना, तपासणी अहवाल आणि पुरवठादारांचे करार असे सगळे कागद चार वर्षांपूर्वी आम्ही सामाईक ड्राइव्हवरून शेअरपॉइंटवर, म्हणजे कागद इंटरनेटवर ठेवून एकत्र वापरण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर, आणले. हे उत्पादन 2001 पासून बाजारात आहे आणि आज ते मायक्रोसॉफ्ट 365 चा भाग म्हणून मिळते, त्यामुळे त्याच्या सोयींची यादी कुठेही वाचायला मिळेल. मला लिहायचे आहे ते त्याच्या कारभाराविषयी: साइट (म्हणजे एखाद्या विभागाची किंवा कामाची वेगळी जागा) कोणी उघडावी, तिचा मालक कोण, कागद कोणाला दिसावा, तो किती वर्षे राहावा आणि कोणाच्या सहीने जावा. या प्रश्नांची उत्तरे विकत घेतलेल्या परवान्यासोबत येत नाहीत, आणि ती आधी ठरवली नाहीत तर एक उत्तम साधन बारभाईच्या हाती जाते.

आमच्याकडे पहिली दोन वर्षे तेच झाले. टीम्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गटसंवादाच्या अॅपमध्ये, कोणीही नवी टीम उघडली की तिच्यामागे शेअरपॉइंटची एक साइट आपोआप तयार होते, टीममधल्या मोजक्या लोकांसाठी खासगी चॅनल उघडले की त्याची आणखी एक वेगळी साइट होते, आणि सुरुवातीच्या सेटिंगनुसार हा अधिकार प्रत्येक कर्मचाऱ्याला असतो. आम्ही तो काढून घेतला नाही. परिणामी एकाच ग्राहकासाठी विक्री, नियोजन आणि गुणवत्ता विभागांनी तीन टीम उघडल्या आणि तिन्हींमध्ये ड्रॉइंगचे स्वतंत्र फोल्डर तयार झाले. एका हाउसिंगच्या (यंत्रभागाच्या कवचाच्या) बोअरची, म्हणजे आतल्या भोकाची, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) रिव्हिजन ‘सी’मध्ये बदलली होती, ती पीडीएफ एकाच ठिकाणी चढली, आणि नियोजनाने दुसऱ्या टीममधली रिव्हिजन ‘बी’ छापून जॉब कार्डाला, म्हणजे कामासोबत मशीनवर जाणाऱ्या कार्डाला, लावली. 40 हाउसिंग तपासणीत नापास झाली. ऑपरेटरने ड्रॉइंगप्रमाणेच काम केले होते, त्याची काहीही चूक नव्हती. चूक आम्हा कार्यालयातल्या लोकांची होती, कारण खरी प्रत कोणती हे ठरवणारे कोणी आम्ही नेमलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही ड्रॉइंगची एकच लायब्ररी (साइटमधला फाइल्सचा संग्रह) ठेवली, आणि याच ठिकाणी शेअरपॉइंटने माझे मन जिंकले. लायब्ररीत मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही आवृत्त्या चालू करता येतात. डिझाइन विभाग काम करत असतो तेव्हा फाइल 2.1, 2.2 अशी पुढे सरकते, आणि तपासणाऱ्याने मंजुरी देऊन ती प्रकाशित केली की 3.0 होते. कच्च्या आवृत्त्या फक्त संपादनाचा अधिकार असलेल्यांनाच दिसाव्यात, अशी सेटिंग त्यात आहे. शॉप फ्लोअरवरच्या मंडळींना आम्ही केवळ वाचण्याची परवानगी दिली आहे, म्हणून डिझाइनमध्ये 3.4 वर काम सुरू असले तरी मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला 3.0 च दिसते. आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकाच्या 7.5 या कलमात दस्तऐवजांच्या नियंत्रणाबद्दल जे अपेक्षित आहे, त्यातला आवृत्तीचा भाग एवढ्या एका मांडणीने बराचसा पुरा होतो. पूर्वी ऑडिटर आले की आम्ही शिक्के मारलेल्या प्रती शोधत फिरायचो. आता कोणती आवृत्ती कोणी, कोणत्या दिवशी प्रकाशित केली ते तिथल्या तिथे पडद्यावर दाखवता येते. एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते. एकमेकींना जोडलेल्या कॅड फाइल्ससाठी (संगणकावरच्या मूळ डिझाइनच्या फाइल्ससाठी) ही जागा योग्य वाटत नाही. त्या वेगळ्या प्रणालीत ठेवून येथे फक्त मंजूर पीडीएफ ठेवावी, हे आमच्या कामात बरे पडले.

परवानग्यांचा विषय अधिक नाजूक आहे. साइटचे मालक, सदस्य आणि पाहुणे वाचक हे तीन गट समजायला सोपे आहेत, आणि साइटची परवानगी खाली लायब्ररीपर्यंत, फोल्डरपर्यंत, फाइलपर्यंत वारशाने उतरते. पण कोणी एखादी फाइल ‘शेअर’ बटण दाबून दुसऱ्याला दिली की त्या फाइलपुरता तो वारसा तुटू शकतो आणि तिची परवानगी स्वतंत्र होते. अशा शेकडो फाइल्स झाल्या की साइटच्या मालकाला सदस्यांची यादी पाहून खरे चित्र कळत नाही. त्यातच सुरुवातीला संस्थेबाहेरच्यांशी शेअर करणेही चालू असते. ‘लिंक असलेला कोणीही’ या पातळीपासून ‘फक्त संस्थेतील लोक’ इथपर्यंत चार पातळ्या आहेत. संपूर्ण संस्थेसाठी जी पातळी ठरते तिच्यापेक्षा सैल पातळी कोणत्याही एका साइटला घेता येत नाही, मात्र कडक घेता येते. माझ्या मते पहिल्याच दिवशी ‘कोणीही’ हा पर्याय बंद करावा आणि शेअर करताना आपोआप निवडली जाणारी लिंक ‘ठरावीक व्यक्ती’ अशी ठेवावी. पुरवठादारांना थोडा त्रास होतो, त्यांना ओळख पटवून आत यावे लागते, पण ग्राहकाचे ड्रॉइंग नेमके कोणाच्या हाती आहे हे आपल्याला सांगता आलेच पाहिजे. कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय सहायक वापरायचा विचार असेल तर हे काम त्याआधी उरकावे. तो ज्या माणसाला जे उघडण्याची परवानगी आहे तेवढ्यातूनच उत्तर देतो, म्हणून चुकून सगळ्यांना खुला राहिलेला पगारपत्रकाचा तक्ता आजवर कोणाच्या नजरेस पडला नसेल, तर तो एका साध्या प्रश्नाने समोर येऊ शकतो.

कागद हरवण्याच्या बाबतीत मात्र हे उत्पादन मनाला मोठा दिलासा देते. आमच्या एका सहकाऱ्याने लायब्ररी स्वतःच्या संगणकाशी सिंक केली होती, म्हणजे एका ठिकाणचा बदल दुसरीकडेही आपोआप व्हावा अशी जोडली होती, आणि डिस्क भरली म्हणून तो फोल्डर संगणकावरून पुसून टाकला. ती पूर्ण लायब्ररी सगळ्यांच्याच पडद्यावरून गेली. त्या सकाळी नियोजन विभागात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. पण पुसलेली फाइल दोन टप्प्यांच्या रिसायकल बिनमध्ये एकूण 93 दिवस राहते, शिवाय संपूर्ण लायब्ररी मागील 30 दिवसांतल्या कोणत्याही क्षणापर्यंत मागे नेता येते. तासाभरात सगळे जागेवर आले. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सिंक आणि साठवणूक यांतला फरक आधी समजावून सांगतो.

याउलट नोकरी सोडून जाणाऱ्यांचे कागद ही खरी धोक्याची जागा आहे. वनड्राइव्ह हे व्यक्तीचे कपाट आणि शेअरपॉइंट हे विभागाचे कपाट, एवढे साधे सूत्र आम्ही लोकांच्या मनावर वेळेत बिंबवले नाही. खरेदी विभागातील एक जण गेला, त्याचे खाते बंद झाले, आणि दरकरारांच्या सह्या झालेल्या प्रती त्याच्या वनड्राइव्हमध्ये होत्या. सेटिंग बदलली नसेल तर खाते काढल्यानंतर ते वनड्राइव्ह 30 दिवस टिकते. सुदैवाने आम्हाला ते तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांच्याशी संबंधित व्हाउचर किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या 30 दिवसांचा अर्थ वेगळा सांगायला नको. कागद किती वर्षे ठेवायचा याची लेबले प्रणालीत लावता येतात, पण ती तक्त्यावर आधी लेखा विभागासोबत बसून ठरवावी लागतात. आमचा तो तक्ता तयार व्हायला तीन महिने लागले, आणि लेबले लावण्याचे काम दोन दिवसांत झाले.

खर्चाविषयी थोडक्यात. साठवणुकीसाठी संस्थेला 1 टीबी आणि पात्र परवान्यामागे 10 जीबी मिळते, म्हणजे 60 परवान्यांना 600 जीबीची भर पडते. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण प्रत्येक जुनी आवृत्तीही त्यातच मोजली जाते. 20 एमबीचे सादरीकरण शंभर वेळा साठवले गेले तर एकट्या त्या फाइलने सुमारे 2 जीबी जागा घेतली असे समजावे. ज्या लायब्ररीत जड फाइल्स आहेत तेथे आवृत्त्यांची मर्यादा कमी करावी, आणि ड्रॉइंगच्या लायब्ररीत हात लावू नये. दुसरी गोष्ट खरेदीच्या वेळीच तपासावी: टीम उघडण्याचा अधिकार मोजक्या लोकांपुरता ठेवणे आणि वापरात नसलेल्या टीम ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद करणे, या दोन्हींसाठी एंट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-व्यवस्थापन सेवेचा पी1 परवाना लागतो. तो मायक्रोसॉफ्ट 365 च्या बिझनेस प्रीमियम योजनेत येतो, बिझनेस स्टँडर्डमध्ये येत नाही. मला हे पटलेले नाही. लहान उद्योगालाच या शिस्तीची सर्वाधिक गरज असते, कारण त्याच्याकडे वेगळा संगणक विभाग नसतो.

आता आमच्याकडे प्रत्येक साइटला दोन मालक आहेत, म्हणजे एक रजेवर गेला किंवा सोडून गेला तरी साइट अनाथ होत नाही. नवी साइट हवी असेल तर विभागप्रमुख एका पानाचा अर्ज भरतात, त्यात साइटचा उद्देश, दोन मालकांची नावे आणि ती केव्हा बंद करायची ते लिहावे लागते. दर तिमाहीला मालकांनी सदस्यांची यादी माझ्यासोबत बसून वाचायची. या बैठकीला पहिल्यांदा सगळ्यांची नाराजी होती, पण पहिल्याच वाचनात बदली झालेल्या आणि सोडून गेलेल्या अकरा जणांची नावे निघाली, तेव्हापासून कोणी ती चुकवत नाही. माझा यासाठी आठवड्याला साधारण पाच तासांचा वेळ जातो. एवढा वेळ देणारा, आणि नाही म्हणण्याचा अधिकार असणारा माणूस तुमच्या संस्थेत नेमता येत असेल तर शेअरपॉइंट घ्यावे असे मी निःशंकपणे सुचवेन. तो नेमता येत नसेल तर सध्याचा सामाईक ड्राइव्ह नीट लावून त्यावरच काम चालवावे, कारण तिथला गोंधळ निदान एकाच ठिकाणी असतो.

गेल्या महिन्यापासून जॉब कार्डावर ड्रॉइंग छापून लावणे आम्ही बंद केले आहे. शेअरपॉइंटमध्ये प्रत्येक कागदाला कायमचा क्रमांक देण्याची सोय आहे, आणि फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी त्या क्रमांकाची लिंक तीच फाइल उघडते. त्या लिंकचा क्यूआर कोड आता कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात असतो. ऑपरेटर मशीनशेजारच्या टॅबवर तो स्कॅन करतात, वरची रिव्हिजन मोठ्याने वाचतात, आणि मगच जॉब मशीनवर बांधतात.